बी.एस्सी. झाली, पुढे काय?



गेल्या वर्षी निकाल लागले त्या आठवड्यात सेलू तालुक्यातील एक गवंडीकाम करणारे गृहस्थ मुलीला घेऊन आमच्याकडे आले. मुलगी कॉम्प्युटर सायन्स घेऊन बी.एस्सी. झाली होती. त्यांचे म्हणणे एकच, "दादा, हिला कुठं तरी चिकटवून द्या." ओळखीच्या एका सेतू केंद्रात अर्ज भरण्याचे काम होते. आम्ही पडलो कारकून माणूस. बी.कॉम. होताच नोकरी धरली आणि तिथेच थांबलो. त्याच हिशेबाने म्हणालो, "धर पोरी, हातचं सोडू नको."

मुलगी खाली मान घालून बसली होती. ती हळूच म्हणाली, "काका, तिथं मी दिवसभर लोकांचे अर्ज भरीन. पण तो अर्ज ज्यात भरतात, ते तयार कोण करतं? आपल्यातलं कुणी आहे का त्यात?"

आम्ही निरुत्तर झालो. सल्ला मागे घेतला आणि चौकशीला लागलो. त्या चौकशीत जे कळले ते सर्वच पालकांच्या उपयोगाचे आहे.

पहिली गोष्ट. एम.एस-सी.आय.टी. आणि एम.एस्सी. यांत लोक गल्लत करतात. पहिल्यात संगणक वापरायला शिकवतात, म्हणजे तयार घरात राहायला जाण्यासारखे. एम.एस्सी. कॉम्प्युटर सायन्समध्ये घर बांधायला शिकवतात. त्या गवंडी बापाला हे एका वाक्यात पटले. अभ्यासक्रम दोन वर्षांचा, चार सेमिस्टरचा. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ साली स्थापन झाले, त्यात या विषयाचे स्वतंत्र संकुल आहे. छत्रपती संभाजीनगरला बाबासाहेबांच्या नावाच्या विद्यापीठातही विभाग आहे. त्या नावासाठी आपल्या माणसांनी सोळा वर्षे काय सोसले ते सांगायला नको. ते नाव कमानीवर पाहून परत फिरायचे नाही, आत जाऊन वर्गात बसायचे आहे. एम.सी.ए.चा मार्गही आहे. ती २०२० पासून तीनऐवजी दोन वर्षांची झाली, पण त्यासाठी राज्याची सीईटी द्यावी लागते.

दुसरी गोष्ट, पैसा. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही तर स्वाधार योजना आहे. ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून सुरू झाली. मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांत वर्षाला ६० हजार, विभागीय शहरांत ५१ हजार आणि इतर जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार रुपये असे दर तेव्हा ठरले. गुणांची आणि हजेरीची अट असते, ती आधीच वाचून घ्यावी.

तिसरी गोष्ट, कागद. इथेच आपली लेकरे अडतात. जातीचा दाखला व वैधता प्रमाणपत्र प्रवेशाच्या दिवसांत काढू म्हटले तर हाती येत नाही. १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. आपल्याकडे निजामी काळातील नोंदी उर्दूत सापडतात, त्यांचे भाषांतर करून घ्यावे लागते. म्हणून मुलगा बारावीत असतानाच आजोबांच्या शाळेचा उतारा शोधायला लागा. बौद्धांना केंद्राच्या सवलती १९९० साली मिळाल्या, परंतु त्यासाठी दाखल्यावर मूळ जातीची नोंद लागते, हेही ध्यानात ठेवा.

आता खरी अडचण. शिष्यवृत्ती मंजूर होते, पण पैसा उशिरा हाती पडतो. खानावळवाला तोवर थांबत नाही. म्हणून आमच्या वस्तीतील महिला मंडळाने दर पौर्णिमेला विहारात वंदनेनंतर घरटी वीस रुपये जमा करायला सुरुवात केली. त्यातून मुलीला उसने द्यायचे आणि शिष्यवृत्ती आली की तिने परत करायचे. हे दान नाही, ही आपली फिरती गंगाजळी आहे. एका वेळी एकाच लेकराचे भागते, हे खरे. पण भागते.

मुलगी नांदेडला गेली. पहिल्या सेमिस्टरला तिचा एक विषय राहिला. शेजारचे म्हणाले, "पोरीचं लग्न उरकलं असतं तर बरं झालं असतं." बाप पुन्हा आमच्याकडे आले. आम्ही त्यांना बाबासाहेबांचे सांगितले. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. त्यांनी सिडनहॅम कॉलेजात शिकवले, पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत आणि मित्राचे कर्ज घेतले आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठले. १९२१ ला एम.एस्सी. आणि १९२३ ला डी.एस्सी. झाले. शिक्षण तुटले म्हणून संपले असे त्यांनी मानले नाही. आपल्या पोरीचा तर एकच विषय राहिला आहे.

बाप काही बोलले नाहीत. जाताना म्हणाले, "भिंत वाकडी गेली तर तेवढाच थर काढून पुन्हा लावतो आम्ही. सगळं घर पाडत नाही."

नुसत्या पदवीने नोकरी मिळत नाही, रोजचा सराव आणि इंग्रजी लागतेच, हे आम्ही मुलीला बजावले आहे. पण यंदा ज्यांच्या घरी बी.एस्सी. किंवा बी.सी.ए. झालेले लेकरू बसून आहे, त्यांनी आमच्यासारखा घाईचा सल्ला देऊ नये. आधी त्याला काय म्हणायचे आहे ते ऐकावे.

जयभीम!