निखिल वागळेंचा आवाज आणि चॅनेलचा मालक

फैजपुरात आमच्या कामात येणाऱ्या अनेक पोरांना पत्रकार व्हायचंय. कोणासारखं विचारलं की निखिल वागळेंचं नाव हमखास येतं. पुढाऱ्याला मध्येच थांबवून ‘आधी प्रश्नाचं उत्तर द्या’ म्हणणारा माणूस आपल्या वस्तीत आवडणारच. पण त्यांची कारकीर्द जरा नीट पाहावी, असं आम्हाला वाटतं.

1990 मध्ये वागळेंनी मुंबईत ‘महानगर’ हे सायंदैनिक सुरू केलं. शिवसेनेवर टीका केली म्हणून त्याच्यावर वारंवार हल्ले झाले, पण पेपर निघत राहिला. 2008 मध्ये ‘आयबीएन लोकमत’ आलं आणि संपादक वागळे घराघरांत पोहोचले. नोव्हेंबर 2009 मध्ये शिवसैनिकांनी चॅनेलचं मुंबईचं कार्यालय फोडलं. तरी ‘आजचा सवाल’ थांबला नाही.

तो थांबला 2014 मध्ये, आणि तेव्हा दगड कोणीच मारला नव्हता. नेटवर्क 18 चा ताबा रिलायन्सकडे गेला आणि त्याच सुमारास वागळे बाहेर पडले. पुढे 2017 मध्ये टीव्ही नाईन मराठीवरचा ‘सडेतोड’ अचानक बंद झाला. हा निर्णय चॅनेलचा असल्याचं त्यांनी स्वतःच जाहीर केलं. फेब्रुवारी 2024 मध्ये पुण्यात ‘निर्भय बनो’च्या सभेला जाताना त्यांची गाडी फोडली गेली, तरी ते सभेत जाऊन बोललेच. म्हणजे दगडफेकीनं जे जमलं नाही, ते मालकी बदलल्यावर सहज झालं.

हे वागळेंचं झालं. त्यांच्याकडे नाव होतं, मुंबई होती, ओळखी होत्या. आपलं काय? ऑक्सफॅम आणि न्यूजलाँड्रीच्या 2019 च्या अहवालात इंग्रजी-हिंदी माध्यमांतली 121 वरिष्ठ पदं तपासली होती. त्यातली 106 उच्चजातीयांकडे होती आणि अनुसूचित जाती-जमातींकडे एकही नव्हतं. मराठीचा त्यात समावेश नव्हता, पण संध्याकाळी कुठलंही मराठी चॅनेल लावा आणि चर्चेत कोण बसलंय ते मोजा. वागळेंच्या काळातही अँकर पुरोगामी होता म्हणून खुर्च्या आपल्या झाल्या नव्हत्या.

बाबासाहेबांना हे 1920 मध्येच कळलं होतं. ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे देऊनही ‘केसरी’नं छापली नव्हती. शाहू महाराजांच्या अडीच हजारांच्या मदतीनं ते पत्र निघालं, पुढे बंदही पडलं. तरी ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’, ‘प्रबुद्ध भारत’ अशी पत्रं बाबासाहेब काढत राहिले. दुसऱ्याच्या पेपरात कॉलम मिळावा म्हणून ते थांबले नाहीत.

आज वागळे यूट्यूबवर बोलतात. आपली पोरंही तिकडेच वळलीत, ते ठीक आहे. (यूट्यूबलाही मालक आहे, हे विसरू नका.) अडचण मोबाईलची नाही. 14 एप्रिलला चॅनेल सुरू होतं, डिसेंबरपर्यंत बंद पडतं, कारण रिचार्ज आणि पेट्रोल कोणी द्यायचं हे ठरलेलं नसतं. जयंतीच्या डीजेला मात्र वर्गणी जमते.

काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन 1936 मध्ये आपल्या फैजपुरात झालं, ते पुस्तकात आहे. आज केळी कापणाऱ्या मजुराला दिवसाला किती मिळतात, हे विचारायला मुंबईचा कॅमेरा यावल-रावेरला येणार नाही. यंदाच्या वर्गणीतला चौथा हिस्सा बाजूला काढा, दोन पोरांचा वर्षाचा खर्च भागवा आणि पहिली बातमी त्या मजुरीची करा. हिशेब विहारात फळ्यावर लिहा.