आप्त कोणास म्हणावें?

नोव्हेंबर 2023 मध्यें हिंगोली जिल्ह्याच्या सेनगांव तालुक्यांतील गोरेगांव येथील दहा शेतकऱ्यांनीं आपलीं मूत्रपिंडें, यकृत व डोळे विक्रीस काढल्याचें मुख्यमंत्र्यांस लिहून कळविलें. पीक बुडालें, बँकेचें कर्ज फिटेना. म्हणून अवयवांच्या किंमतीही त्यांनीं मांडल्या होत्या. सरकारचें लक्ष कर्जाकडे वेधावें हा त्यांचा हेतु उघड होता. परंतु त्या निमित्तानें एक प्रश्न उपस्थित होतो: एखादा धनिक पैसे घेऊन पुढें आला असता, तर ते अवयव त्यास मिळाले असते काय?

कायद्याचें उत्तर ‘नाहीं’ असें आहे. डोळे तर जिवंतपणीं देतांच येत नाहींत. नेत्रदान मरणोत्तरच होतें. इतर अवयवांच्या व्यापारास 1994 च्या कायद्यानें मनाई केली आणि 2011 च्या दुरुस्तीनें शिक्षा कडक केली. विकणारा, घेणारा व दलाल या सर्वांसच पांच ते दहा वर्षांची कैद आणि वीस लाख ते एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो.

मग जिवंत मनुष्याचा अवयव घेण्याचा अधिकार कोणास? मुख्यतः दात्याच्या ‘जवळच्या नातलगास’. या शब्दाचा कायद्यांतील अर्थ एकत्र कुटुंबांतील मंडळींनीं नीट समजून घ्यावा. पति, पत्नी, मुलगा, मुलगी, आई, बाप, भाऊ व बहीण एवढींच नातीं प्रथम त्यांत होतीं. पुढें दुरुस्तीनें आजोबा, आजी, नातू व नात यांची भर पडली. यादी येथें संपते. चुलता, मामा, आत्या, पुतण्या, भाचा, दीर, नणंद, जावई व सून हीं सर्व यादीबाहेर आहेत. ज्या काकूनें आईच्या मायेनें वाढविलें, तीही कायद्याच्या दृष्टीनें जवळची नातलग नव्हे.

याचा अर्थ काकूला पुतण्यास मूत्रपिंड देतांच येणार नाहीं, असा नाहीं. मात्र प्रकरण प्राधिकार समितीपुढें न्यावें लागतें. पैशाची देवघेव झालेली नाहीं ना, मध्यस्थ कोणी नाहीं ना, देण्यामागें खरा जिव्हाळा आहे कीं नाहीं, हें समिती पाहते. एकत्र राहिल्याचे पुरावे, दोघांचीं जुनीं छायाचित्रें व मागील तीन वर्षांच्या उत्पन्नाचे दाखले मागितले जातात. दाता व रुग्ण यांच्या सांपत्तिक स्थितींत मोठी तफावत असल्यास तिचा विशेष विचार होतो. कर्जबाजारी शेतकरी व अनोळखी धनिक यांची जोडी या चौकशींत टिकणें कठीण. रुग्ण परदेशी व दाता भारतीय असेल, तर ते जवळचे नातलग असल्याखेरीज समितीस परवानगी देतांच येत नाहीं.

नात्यांतील दाता असूनही रक्तगट जुळत नसेल, तर निराश होण्याचें कारण नाहीं. तशाच अडचणींतील दुसऱ्या कुटुंबाशीं, समितीच्या अनुमतीनें, दात्यांची अदलाबदल करतां येते. मृत व्यक्तीच्या अवयवांची व्यवस्था मात्र निराळी आहे. ते कोणास द्यावे हें मृताचे वारस ठरवीत नाहींत. प्रतीक्षायादीवरून तें ठरतें. महाराष्ट्रांत मुंबई, पुणें, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय समित्या हें काम पाहतात.

आणखी एक गोष्ट घरांतील कर्त्या पुरुषांनीं ध्यानांत ठेवावी. दाता स्त्री असल्यास अधिक काळजी घ्यावी, आणि तिची स्वतंत्र संमति रुग्णाखेरीज दुसऱ्या व्यक्तीकडून पडताळून घ्यावी, असें 2014 चे नियम सांगतात. पतीसाठीं, दिरासाठीं वा सासऱ्यासाठीं ‘सून देईल’ असें वडीलमंडळींनीं परस्पर ठरविण्याची सोय कायद्यानें ठेवलेली नाहीं. तिला एकटीला विचारावें, आणि तिनें नकार दिला तर तो विषय घरांत पुन्हा काढूं नये.