चष्मा सुटला म्हणजे दृष्टी आली काय?

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात काय किंवा देवळाच्या सभामंडपात काय, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करून आलेले कोणी भेटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘‘चष्मा सुटला ना?’’ आता नीट दिसते का, तांदूळ निवडता येतात का, देवळाच्या पायऱ्या उतरताना पाय चाचपडत नाही ना, हे कोणी विचारीत नाही. चष्मा सुटला असेल तर शस्त्रक्रिया यशस्वी. नाकावर चष्मा राहिलाच असेल तर बिचाऱ्याला पैसे पुरले नसावेत, अशी समाजाची समजूत होऊन बसली आहे. ही समजूत नुसती चुकीची नाही, ती अपायकारक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आम्ही नव्या विद्येचे विरोधक नव्हे, हे आरंभीच सांगून टाकतो. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात लिंगनाशावरील शस्त्रकर्म वर्णिलेले आहे, तेवढ्यावरून आजचे सगळे शोध आमच्याकडे पूर्वीच होते असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीलाही आम्ही बसत नाही. गढुळलेल्या भिंगाच्या जागी डोळ्यात कृत्रिम भिंग बसविण्याचे काम १९४९ च्या नोव्हेंबरात लंडनच्या सेंट टॉमस इस्पितळात हॅरल्ड रिडली यांनी प्रथम केले. विमानाच्या पारदर्शक छताचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत शिरूनही दाह न करता राहतात, हे त्यांच्या ध्यानात आले होते. आपल्याकडे मात्र त्यानंतर कित्येक दशके मोतीबिंदू काढून हाती जाड भिंगांचा चष्मा देण्यावरच काम भागविले जाई. त्या चष्म्यातून माणूस वाजवीपेक्षा मोठा दिसे आणि कडेचे काहीच दिसत नसे. तो हरवला की घरातला म्हातारा पुन्हा आंधळा. १९९२ साली मदुराईच्या अरविंद नेत्रालयाच्या परिवारात ऑरोलॅब ही संस्था निघाली आणि डोळ्यात बसविण्याची भिंगे देशातच, सामान्यांना परवडतील अशा किमतीत होऊ लागली. चष्म्याविषयीचा आमचा तिटकारा हा त्या जुन्या जाड चष्म्याचा वारसा आहे. तो चष्मा गेला. तिटकारा मात्र राहिला, आणि आता त्या तिटकाऱ्याचीच किंमत वसूल केली जात आहे.

बहुकेंद्री भिंग काय करते, हे साध्या शब्दांत सांगतो. साधे एककेंद्री भिंग डोळ्यात शिरणारा प्रकाश एकाच अंतरासाठी एकत्र आणते. ते बहुधा दूरचे दिसण्यासाठी बसवितात. पोथी वाचायला, सुईत दोरा ओवायला चष्मा लावावा लागतो. बहुकेंद्री भिंग त्याच प्रकाशाची वाटणी करते : काही दूरसाठी, काही जवळसाठी, आणि अलीकडच्या त्रिकेंद्री भिंगात काही मधल्या अंतरासाठी. पण वाटणी केल्याने मूळ धन वाढत नाही. सूक्ष्म वलये कोरलेल्या आणि समान वाटणी करणाऱ्या द्विकेंद्री भिंगात दूरसाठी सुमारे ४० टक्के व जवळसाठी तितकाच प्रकाश येतो. उरलेला जवळजवळ पाचवा हिस्सा धड कोणत्याच कामी येत नाही. भर उन्हात ही तूट जाणवत नाही. ती अंधुक उजेडात जाणवते. काळ्यावर काळे, करड्यावर करडे ओळखणे अवघड होते, आणि रात्री दिव्यांभोवती वलये दिसतात. बहुतेकांचा मेंदू काही महिन्यांत याला सरावतो. काहींचा सरावत नाही.

आता हे आपल्या जीवनाशी ताडून पाहा. आमची दैवते बहुधा काळ्या पाषाणाची, गाभारा अंधारा, उजेड समईचा. अंधुक उजेडात काळ्या मूर्तीचे मुख न्याहाळणे हेच ज्या डोळ्यांचे आयुष्यभराचे सुख, त्या डोळ्यांना हे भिंग नेमके तिथेच उणे पडण्याचा संभव आहे. आमचे उत्सवही रात्रीचे. दिवजांच्या रात्री सुवासिनी पेटती दिवजे घेऊन देवळाभोवती फिरतात; शिरगावच्या लईराईच्या जत्रेत होमकुंड रात्री पेटते; पेडणे-डिचोलीकडचा दशावतारी काला रात्रभर रंगतो. तिथून दुचाकीवरून घरी परतताना समोरून येणाऱ्या मोटारीच्या दिव्याभोवती वलय उमटले, तर ते प्रभावळीसारखे पूजनीय ठरत नाही; ते अपघाताला आमंत्रण ठरू शकते.

यात आणखी एका गोष्टीची भर पडते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आयसीएमआर-इंडियाब’ पाहणीत मधुमेहाचे प्रमाण देशात सर्वाधिक आढळले ते गोव्यात : २६.४ टक्के. मधुमेहाने ज्याचा दृष्टिपटल बिघडला आहे, काचबिंदूने ज्याच्या नेत्रतंतूंची हानी झाली आहे, त्याच्या डोळ्यात आधीच प्रकाशाचे दारिद्र्य असते. त्यावर वाटणीचे भिंग बसविणे म्हणजे दुष्काळात धान्य वाटून घेण्यासारखे आहे. म्हणून अशा रोग्यांना हे भिंग बहुधा देऊ नये, असेच नेत्रवैद्यक सांगते. परंतु जाहिरातीच्या फलकावर दृष्टिपटलाचे चित्र नसते. तिथे चष्मा फेकून देणारी हसतमुख जोडपी असतात.

यावर जाणते लोक म्हणतील, ‘‘ज्यांना ही भिंगे मानवली त्यांचे काय?’’ त्यांचे अभिनंदन! स्वयंपाकघरात वाफेने क्षणोक्षणी चष्मा धुकटणाऱ्या गृहिणीला, अभिषेकाच्या वेळी ओल्या हातांनी चष्मा सावरणाऱ्या भटजींना, समोरची वही आणि पलीकडचा गायक एकाच वेळी पाहावा लागणाऱ्या पेटीवादकाला हे भिंग वरदान ठरू शकते, हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. डोळ्याचा पडदा निरोगी असावा, रात्रीचे वाहन चालविणे फारसे नसावे, दोष आधी समजलेले असावेत, आणि एवढे करूनही बारीक अक्षरासाठी चष्मा लागण्याची शक्यता मनाने पत्करलेली असावी; मग खुशाल बसवावे. आमचा आक्षेप भिंगावर नाही. ‘महाग ते उत्तम’ या हिशेबावर आहे. माणूस पाहून भिंग निवडण्याऐवजी खिसा पाहून निवडण्यावर आहे.

कारण या हिशेबाने घराघरांत एक निराळाच अनर्थ होतो. मुंबईला किंवा आखातात असलेला मुलगा म्हणतो, ‘‘आईला साधे भिंग नको, मी पैसे पाठवीन, तोवर थांबा.’’ त्याची भक्ती खरी असते. पण मोतीबिंदू हुंडीची वाट पाहत थांबत नाही. तो पिकत जातो, कठीण होतो, आणि शस्त्रक्रिया अधिक जिकिरीची होते. दरम्यान आई अंधारात न्हाणीघराच्या उंबऱ्याला अडखळते. सरकारी इस्पितळात मिळणारे साधे भिंग तिला वेळीच बसविले असते, तर वाचनाच्या स्वस्त चष्म्याने तिचे सारे व्यवहार चालले असते. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, अशी आपल्याकडे म्हण आहे. आता दोन डोळे मिळत असताना ते बिनचष्म्याचे नाहीत म्हणून आम्ही परत करू लागलो आहो!

चष्म्यात कमीपणा तो कसला? पुण्याच्या भांडारकर संस्थेचे व्यासंगी संशोधक परशुराम कृष्ण गोडे यांनी भारतातील चष्म्याचा इतिहास शोधताना दाखवून दिले की, सोमनाथ कवीच्या ‘व्यासयोगिचरिता’त थोर माध्व यती व्यासराय चष्मा लावून ग्रंथ वाचीत असल्याचा उल्लेख आहे. हा काळ इ. स. १५२० च्या सुमाराचा. पोर्तुगीज गोव्यात येऊन जेमतेम दहा वर्षे झाली होती. विजयनगरच्या राजगुरूंना ज्या साधनाची लाज वाटली नाही, त्याची लाज आमच्या पेन्शनरांना का वाटावी?

म्हणून महाजन व कुळावी मंडळींना आमची आग्रहाची विनंती आहे. देवस्थानांतून नेत्रतपासणीची शिबिरे भरवाल तेव्हा तपासणीबरोबर चार शब्द मराठीत आणि कोंकणीत समजावून सांगण्याची सोय करा. रोग्याने डॉक्टरांना विचारावे : माझा दृष्टिपटल निरोगी आहे काय? रात्री मला काय त्रास होईल? साध्या भिंगाने माझे कोणते काम अडेल? हे भिंग मानवले नाही तर पुढे काय? एकदा बसविलेले भिंग काढणे ही दुसरी, आणि अधिक जोखमीची शस्त्रक्रिया असते. मागच्या पडद्यावर लेसर मारून झाल्यावर तर ती आणखी अवघड होते. ज्या डॉक्टरांना हे प्रश्न आवडत नाहीत, त्यांच्यापुढे डोळा उघडून बसण्याची घाई करू नये.

आणि आपण, भेटीला जाणाऱ्यांनी, ‘‘चष्मा सुटला ना?’’ हा प्रश्न आता सोडावा. ‘‘दिसते ना?’’ एवढेच विचारावे.