दोरी ओढण्याआधी प्लग काढा



शाबानचा चांद दिसला की आमच्या गावात कब्रस्तानाची साफसफाई निघते. बडी रातीला माणसे फातेहा पढायला येणार, तेव्हा वाट तरी दिसली पाहिजे. पावसाळ्यात वाढलेले गवत तोवर वाळून गुडघ्याला लागत असते आणि कडेच्या करवंदीच्या जाळ्या कबरींवर आलेल्या असतात. पूर्वी कोयते घेऊन वीस माणसे जमायची. आता निम्मी गल्फमध्ये, उरलेली मुंबईत. म्हणून जमातीने वर्गणी काढून ग्रास कटर घेतला.

यंदा तो चालू होईना. चालू होणे दूर, दोरीच ओढवेना. तीन पोरांनी आळीपाळीने जोर केला. माझ्या भाच्याने पाय देऊन असा हिसका मारला की दोरी तुटून हातात आली आणि खांदा धरून तो खाली बसला. मग कुणीतरी मशीन दुरुस्तीला नेले. तिथे न उघडताच निदान झाले, “पिस्टन जाम आहे, हेडसकट बदलावे लागेल.” जमातीचे सदर नव्या मशीनची चौकशी करू लागले. भाचा माझ्याकडे आला, “मामू, एकदा बघता का?”

दोरी नवी घालून घेतली आणि पहिले काम केले ते प्लग काढण्याचे. पैसे द्यायचे ठरवण्याआधी एवढे प्रत्येकाने करावे. स्विच बंद, प्लगची टोपी बाजूला, पाते सोडून ठेवलेले, आसपास विडी-चूल काही नाही. प्लग पान्याने काढला, भोकावर फडके धरले, तोंड बाजूला केले आणि दोरी सावकाश ओढली. सुळकन आली. फडके काळ्या ऑइलने भिजले.

म्हणजे पिस्टन जाम नव्हता. त्याच्या डोक्यावर ऑइल भरले होते. हवा दाबली जाते, ऑइल दाबले जात नाही. पिस्टन वर येतो, ऑइलला भिडतो आणि तिथेच थांबतो. अशा वेळी जोर केला तर दोरी तुटते, खांदा दुखावतो, नशीब वाईट असेल तर कनेक्टिंग रॉडही वाकतो.

ऑइल वर गेले कसे? मशीन फोर स्ट्रोक, ३५ सीसीचे. त्याच्या पुस्तिकेत ऑइल लिहिले आहे १०० मिली. पोरांनी ‘जास्त घातले की मशीन टिकते’ म्हणून तोंडापर्यंत भरले आणि दिवाळीनंतर शेडमध्ये आडवे टाकून दिले. जादा ऑइल वाट काढत एअर फिल्टरमध्ये आणि सिलिंडरमध्ये गेले. मी सगळे ऑइल उपसून मापाने भरले, फिल्टरचा स्पंज साबणाच्या पाण्यात धुऊन वाळवला, प्लग पुसला, प्लगशिवाय दहा-बारा वेळा दोरी ओढून सिलिंडर मोकळा केला. प्लग लावल्यावर चौथ्या ओढीला मशीन बोलले. पहिली काही मिनिटे एवढा पांढरा धूर निघाला की शेजारच्या खाला घाबरून बाहेर आल्या. आतले ऑइल जळून गेले, धूर थांबला. खर्च नवी दोरी आणि ऑइल, बाकी काही नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण घराघरांत हीच चूक होते. टू स्ट्रोक मशीनला ऑइलची वेगळी टाकी नसते, ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचे. पुस्तिकेत ५० ला १ असेल तर लिटरला २० मिली, २५ ला १ असेल तर ४० मिली. तेही टू स्ट्रोकचेच ऑइल. फोर स्ट्रोकमध्ये पेट्रोल साधे, ऑइल वेगळे. फोर स्ट्रोकमध्ये मिश्रण गेले तर धूर होईल, प्लग काजळेल. पण टू स्ट्रोकमध्ये कोरे पेट्रोल गेले तर पिस्टन खरोखरच धरतो आणि तेव्हा तो दुरुस्तीवाला खरा ठरतो. ज्या भाभी एकट्या बागा सांभाळतात आणि गवत काढायला मजूर बोलावतात, त्यांनी मिश्रणाचा कॅन वेगळ्या रंगाचा ठेवावा, वर खडूने नव्हे, रंगाने लिहावे. मजूर बदलतो, कॅन तोच राहतो.

प्लग काढूनही दोरी जड असेल तर दोष दुसरीकडे आहे. स्टार्टरचे झाकण तीन-चार स्क्रूंवर असते, ते सोडवा आणि झाकण हातात धरून नुसती दोरी ओढा. तिथेच अडकत असेल तर दोरी चाकाच्या कडेला गुंतली आहे किंवा आतली स्प्रिंग गेली आहे. हे स्वस्त काम. मात्र ती स्प्रिंग चाकाखालून स्वतः उपसू नका, पट्टी सुटली की तोंडावर येते. दोरी मोकळी असेल तर इंजिनाचे मॅग्नेटचे चाक हाताने फिरवून पाहा. ते फिरलेच नाही तर पिस्टन किंवा बेअरिंग. दोरीबरोबर पातेही फिरत असेल तर क्लच चिकटला आहे. असे मशीन चालू करू नये, चालू होताच पाते पायाशी फिरू लागते.

प्लग काढल्यावर हलकी, लावल्यावर जड आणि आत ऑइल-पेट्रोल काही नाही, असे फोर स्ट्रोकचे झाले तर टॅपेट तपासून घ्या. दोरी ओढताना व्हॉल्व्ह किंचित उघडा ठेवून दाब कमी करण्याची सोय बऱ्याच इंजिनांत असते. टॅपेट सैल झाले की ती सोय चालत नाही. दोरी उलट हिसका देऊन हातातून जात असेल तर मॅग्नेटची चावी तुटून ठिणगी वेळेआधी पडत असावी. म्हणून दोरीची मूठ फक्त बोटांत धरायची, हाताला दोरी गुंडाळायची नाही.

सायलेन्सरच्या तोंडातही बघा. गेल्या साली एका बागेतल्या मशीनमध्ये कुंभारणीने मातीचे घर करून ठेवले होते. धूर जायला जागाच नाही. काडीने माती काढली, मशीन चालू.

दोरी हलकी येते पण इंजिन पेटत नाही, हा निराळा विषय, पुढच्या अंकात इन्शाअल्लाह. तोवर एवढे करा, चोक लावून वीस वेळा ओढत बसू नका. चार वेळा ओढूनही आवाज आला नाही तर प्लग काढून बघा. ओला असेल तर पेट्रोल जास्त झाले आहे, वाळवून चोक न लावता ओढा.

ओढण्याचीही रीत आहे. मशीन जमिनीवर, डावा हात वरून दाबून. दोरी हळू ओढायची, जिथे अडते तिथून एक छोटा, झटकन हात. पूर्ण दोरी बाहेर काढायची नाही आणि सोडून द्यायची नाही, हाताने परत जाऊ द्यायची.

काम संपले की टाकी रिकामी करून इंजिन बंद पडेपर्यंत चालू द्या. आजच्या पेट्रोलात इथेनॉल असते, ते हवेतली ओल ओढते आणि कार्बोरेटरचे पातळ रबर बिघडवते. मशीन उभे टांगा. आणि हे रमजानचा चांद दिसायच्या आत उरका, रोज्यात पेट्रोलच्या वासाने डोके उठते.

भाच्याचा खांदा अजून दुखतो. मशीन आता तो कुणाला हात लावू देत नाही.