दोन विमानतळांमधले दोन तास

गेल्या पंधरवड्यात मुरूडचे एक निवृत्त शिक्षक पत्नीसह दवाखान्यात आले. वय ७३, मधुमेह वीस वर्षांचा. बंगळुरूला मुलाकडे राहून नुकतेच परतले होते. जातानाचे विमान नवी मुंबईहून होते. परतीचे मात्र मुंबईच्या सहार विमानतळावर उतरणारे. हा फरक घरात कोणाच्याच ध्यानात आला नाही. पुतण्या गाडी घेऊन उलव्याला थांबला आणि गुरुजी सहारला उतरले. रात्रीच्या जेवणाचा डबा त्या गाडीत होता. बाहेर पडताच जेवायचे, या हिशेबाने गुरुजींनी विमानतळावरच इन्सुलिन घेतले. गाडी पोहोचायला जवळजवळ दोन तास लागले. तोवर त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, बोलणे असंबद्ध झाले. बाईंनी प्रसंगावधान राखून भरपूर साखर घातलेला चहा पाजला, म्हणून अनर्थ टळला.

२५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी विमाने सुटू लागली. आपल्या रायगडकरांची ही मोठीच सोय झाली. परंतु ‘मुंबईचे विमान’ या शब्दांना आता दोन अर्थ आहेत. दोन्ही विमानतळांमध्ये रस्त्याने सुमारे ४० किलोमीटर अंतर आहे. वाहतुकीनुसार त्याला एक तास लागतो किंवा दोनही. अटल सेतूने शिवडी जवळ आली, तरी तेथून सहारपर्यंतची गर्दी कायम आहे. म्हणून तिकिटावरील खूण पाहावी: ‘बीओएम’ म्हणजे मुंबई, ‘एनएमआय’ म्हणजे नवी मुंबई. जाण्याची आणि येण्याची, दोन्ही तिकिटे तपासावीत. एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून पुढचे विमान धरण्याचा बेत वृद्धांसाठी शक्यतो टाळावाच.

प्रवासाचा वेळ घराच्या उंबरठ्यापासून मोजावा. जेवणाआधीचे इन्सुलिन जेवण प्रत्यक्ष समोर आल्याशिवाय घेऊ नये. इन्सुलिन व गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवाव्यात. विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात इन्सुलिन गोठून निकामी होऊ शकते. खिशात साखर असावी. घाम, थरथर वा गोंधळ जाणवल्यास तीन लहान चमचे साखर पाण्यातून द्यावी. पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा द्यावी. रुग्ण शुद्धीवर नसेल तर मात्र तोंडात काहीही घालू नये; त्वरित वैद्यकीय मदत बोलवावी.

लघवी वारंवार लागेल या भीतीने अनेक आजी-आजोबा पाणी पिणे सोडतात, लघवीची गोळी परस्पर चुकवतात. दोन्ही घातक. गोळीची वेळ बदलता येते का, हे डॉक्टरांना आधी विचारावे. चार तासांहून अधिक बैठा प्रवास झाल्यास पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो; त्यात मोटारीचे तासही धरावेत. वाटेत उतरून चार पावले चालावे, बसल्या जागी घोटे फिरवावेत. चाकांची खुर्ची लागणार असल्यास तिकीट काढतानाच, निदान ४८ तास आधी, विमान कंपनीला कळवावे.

तिकीट मुले दूर गावाहून काढतात. प्रवास आपल्या शरीराला करायचा असतो. निघण्याच्या आदल्या दिवशी मुलांना फोन करून एकच विचारावे, ‘बाळा, विमानतळ कोणता?’