फलंदाजांचा क्रम

सामना हरल्यावर कर्णधारास दोष देणें फार सोपें असतें, व तें काम करणारे पंडित गल्लोगल्लीं भेटतात. तरीही १० जुलै २०१९ रोजीं मँचेस्टर येथें, विश्वचषकाच्या उपान्त्य सामन्यांत, भारतीय संघानें जो फलंदाजांचा क्रम लावला त्याविषयींची आमची रुखरुख अद्याप गेलेली नाहीं. आणि ती केवळ पराभवाची नव्हे.

न्यूझीलंडच्या २३९ धांवा झाल्या होत्या. उत्तरादाखल रोहित शर्मा, विराट कोहली व लोकेश राहुल हे आमचे तिन्ही खंदे वीर एकेक धांव काढून परतले. ५ धांवा, ३ गडी बाद. घरास आग लागली असतां वडील माणसास हांक मारावी, हा साधा व्यवहार आहे. येथें पुढें आला तो तरुण ऋषभ पंत, मग दिनेश कार्तिक, त्यामागून हार्दिक पंड्या. पंत व पंड्या यांनीं प्रत्येकीं ३२ धांवा नेटानें जमविल्या, आणि दोघेही उंच टोला मारण्याच्या मोहांत झेल देऊन बसले. ‘अरे, जरा दम धर’ असें म्हणणारें कोणी समोर हवें होतें. तें माणूस, महेंद्रसिंग धोनी, ७१ धांवांत ५ गडी पडल्यावर सातव्या क्रमांकानें मैदानांत उतरलें!

शेवटचीं षटकें मारून नेण्याचें कसब धोनीचें, म्हणून त्यास राखून ठेविलें, असें याचें समर्थन करण्यांत आलें. यांत तथ्य नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. त्यानें व रवींद्र जडेजानें ११६ धांवांची भागी करून अशक्य वाटणारी गोष्ट हाताशीं आणली. जडेजाच्या ७७ धांवा तर पाहात राहाव्या अशा होत्या. परंतु शेवटासाठीं राखलेल्या माणसास शेवट निभावतां येईल इतपत सामना तरी शिल्लक ठेवावयास हवा. धोनी ५० धांवांवर धांवचीत झाला आणि भारत १८ धांवांनीं हरला.

अमेरिकेंतील बेसबॉलच्या खेळांत नऊ जणांचा क्रम सामन्यापूर्वीं लिहून पंचाच्या हातीं द्यावा लागतो, व त्याच क्रमानें सर्वांस फिरून फिरून खेळावें लागतें. बदली गडी आला तरी ज्याच्या जागीं तो आला त्याचाच क्रमांक त्यास मिळतो. तेथील प्रेक्षक व्यवस्थापकावर चिडले, तर ‘आधीं मला काय ठाऊक?’ असें तो म्हणूं शकतो. क्रिकेटमध्यें ही सबब चालत नाहीं. गडी बाद झाल्यावरही पुढें कोणास पाठवावें हें कर्णधारास ठरवितां येतें. (शाळेच्या मैदानावर ज्याची बॅट तो पहिला, हा एकच नियम अढळ आहे, तो सोडून द्या.)

या मोकळीकीचा उपयोग आपल्याच लोकांनीं किती सुंदर केला आहे! मार्च २००१ मध्यें कोलकात्यास ऑस्ट्रेलियानें फॉलोऑन दिला असतां, पहिल्या डावांत सहावा येऊन ५९ धांवा काढणाऱ्या लक्ष्मणास दुसऱ्या डावांत तिसरा पाठविलें व द्रविडास सहावा. लक्ष्मणानें २८१ धांवा केल्या, द्रविडानें १८०, आणि भारत १७१ धांवांनीं जिंकला. पुढें २०११ सालीं मुंबईस वानखेडे मैदानावर, विश्वचषकाच्या अंतिम सामन्यांत, ऐन भरांत असलेल्या युवराजसिंगास थांबवून कर्णधार स्वतः पांचव्या क्रमांकावर गेला. तो अपयशी ठरता तर लोकांनीं त्यास फाडून खाल्लें असतें. त्यानें नाबाद ९१ धांवा केल्या. तो कर्णधार धोनीच होता. आणि आठ वर्षांनीं त्यालाच पॅव्हिलियनमध्यें कां बसवून ठेविलें, हें कोडें आम्हांस सुटलेलें नाहीं.