खळ्यावरचा वाटा

आश्विन सरत आला की काळी नदी जिथे उगम पावते त्या दिग्गीच्या खोऱ्यात भात पिवळे पडू लागते. पाऊस माघारी गेलेला असतो, पण घाटमाथ्यावरच्या रानाची ओल अजून हटलेली नसते. चार महिने चिखलाने अडवलेली वाट आता कुठे गाड्यांना पुन्हा जाऊ देते, आणि तिच्याच आधाराने गावाबाहेर गेलेली मुले घरी परततात. कोणी वेर्ण्याच्या कारखान्यातून येतो, कोणी दांडेलीहून, कोणी बेळगावच्या फौंड्रीतून, तर अलीकडे एखादा पुण्या-बंगळूरच्या आयटी कंपनीतूनही. नरकचतुर्दशीच्या पहाटे तुळशीपुढे कारीट फुटते, गूळ-खोबऱ्याचे पोहे पानात पडतात, आणि मग घरातले कोणी तरी वडीलधारे, अगदी सहज म्हणून, विचारते : ‘‘बोनस किती झाला रे यंदा?’’

हा प्रश्न आपण पिढ्यानपिढ्या विचारत आलो आहोत आणि त्यात काही वावगे आहे असे आपल्याला कधी वाटले नाही. पगार कमावणाऱ्याचा, पण बोनस घराचा, असा आपल्याकडचा अलिखित नियम आहे. महिन्याचे पैसे खोलीभाडे, खाणावळ, मुलांची फी यांत जिरतात. गावाकडच्या घराची कौले बदलायची, बहिणीच्या सासरी काही न्यायचे, सोसायटीचे थकलेले कर्ज थोडे उतरवायचे, तर त्याला दिवाळीचाच पैसा लागतो. म्हणून या प्रश्नाचे उत्तर एकट्या माणसाचे नसते. २०२५ च्या दिवाळीत ते उत्तर अनेक घरांत जरा उशिरा आले, आणि आले तेही ‘‘बघू, अजून काही कळलं नाही’’ अशा अडखळत्या शब्दांत.

कारणे आपल्याला वर्तमानपत्रांतून ठाऊक झालीच आहेत. मराठी मध्यमवर्गाने जिच्या नोकरीला सरकारी नोकरीच्या खालोखाल मान दिला, त्या टीसीएसने जुलैच्या अखेरीस आपल्या मनुष्यबळात सुमारे २ टक्के, म्हणजे बारा हजारांहून अधिक माणसांची कपात करण्याचे जाहीर केले. मधल्या आणि वरच्या फळीतली माणसे प्रामुख्याने जातील, असेही सांगितले. त्याआधी जूनमध्ये नियम आला होता की, वर्षात किमान २२५ दिवस प्रत्येकाने प्रकल्पावर असले पाहिजे आणि बेंचवरचे, म्हणजे प्रकल्पाविना बसून काढलेले, दिवस ३५ च्या वर जाता कामा नयेत. एप्रिलमध्ये मिळायची पगारवाढ लांबणीवर पडली आणि सप्टेंबरपासून बहुतेकांना मिळाली. आदल्या वर्षीपासून कामगिरीशी जोडलेली ‘व्हेरिएबल’ रक्कम कार्यालयातल्या हजेरीच्या टक्क्यांना बांधली गेल्याच्या बातम्या होत्याच. हजेरी ८५ टक्क्यांच्या वर असेल तर पूर्ण, ६० च्या खाली असेल तर काहीच नाही. आणि हे सारे अशा कंपनीत, जिचा मार्च २०२५ अखेरच्या वर्षाचा निव्वळ नफा ४८ हजार कोटींच्या पुढे होता.

न्यायाने बोलायचे तर कंपनीचीही बाजू आहे. अमेरिकेतल्या ग्राहकांनी हात आखडता घेतला होता. सप्टेंबरात तिथल्या सरकारने एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरची फी बसवली. यंत्रे कोड लिहू लागली आहेत. टीसीएसचे म्हणणे असे की, कपात कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे नाही, नव्या कामाशी कौशल्ये जुळत नाहीत म्हणून आहे. धंद्याला बदलावे लागते, हे आपण शेतकऱ्यांच्या पोरांना कोणी शिकवायला नको. ज्या डोंगरउतारांवर एकेकाळी नाचणी होत असे, तिथे आज ती राहिलेली नाही. पण बदलाचा भार कोणी किती उचलायचा आणि ते त्याला कधी सांगायचे, हा प्रश्न धंद्याचा नाही. तो रीतीचा आहे.

रीत म्हटली की आपल्याला खळे आठवते. भात झोडून झाले, रास पडली, की ती घरात नेण्याआधी लोहार, सुतार, न्हावी, गुरव यांचे माप खळ्यावरच निघे. वर्षभर विळ्याला धार लावणाऱ्याने, नांगराचा फाळ बसवणाऱ्याने ते मागून घ्यायचे नसे आणि धन्याने उपकार म्हणून द्यायचे नसे. साल वाईट गेले तर माप लहान होई, आणि ते लहान का झाले हे सगळ्यांना दिसे, कारण रास डोळ्यांसमोर पडलेली असे. बलुत्याच्या व्यवस्थेत जातीची उतरंड होती, अपमान होता, आणि ती गेली याचे दुःख करण्याचे कारण नाही. पण रास उघड्यावर मोजली जायची, ही तिच्यातली एक गोष्ट आपण गिरणीच्या दारात येताना मागे टाकून यायला नको होती.

ती मागे पडली म्हणूनच बोनसचा इतिहास एवढा भांडणाचा झाला. पहिल्या महायुद्धात मुंबईच्या गिरण्यांना अपार नफा झाला, महागाईही तशीच भडकली, तेव्हा १९१७ मध्ये मालकांनी मजुरीवर १० टक्के युद्धबोनस दिला आणि पुढच्या वर्षी तो १५ वर नेला. त्याच सुमारास अहमदाबादेत प्लेगच्या भीतीने कामगार पळू नयेत म्हणून प्लेग बोनस दिला जात होता. साथ ओसरली तसा तो काढून घेतला, आणि त्यातून १९१८ चा तो संप उभा राहिला ज्यात गांधीजी उपोषणाला बसले. मुंबईत वर्षाअखेरचा बोनस चारएक वर्षे नियमित मिळाला आणि १९२३ साली मालकांनी हात वर केले. पुढच्या वर्षारंभी दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले. दोन महिने चुली थंड, शेवटी शेवटी गोळीबारही झाला. सरकारने मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि तिने निकाल दिला की, बोनसवर कामगारांचा कायद्याने, न्यायबुद्धीने किंवा रूढीनेही हक्क सिद्ध होत नाही. चार वर्षांत रूढी होत नाही, असा त्याचा अर्थ. गिरणी कामगार मुकाट्याने परत साच्यावर गेले.

तो हक्क कायद्यात यायला चार दशके जावी लागली. म. र. मेहेर यांच्या बोनस आयोगाने वाट घालून दिली आणि १९६५ मध्ये बोनस देण्याचा कायदा झाला. किमान ४ टक्के ठरले, पुढे १९७२ मध्ये ८.३३ टक्के झाले. हा आकडा विचित्र दिसतो, पण बारा महिन्यांच्या पगाराचा बारावा हिस्सा काढला की तोच येतो. ‘एक पगार’ असे आपण ज्याला म्हणतो ते हे. कमाल मर्यादा २० टक्के. कंपनी तोट्यात असली तरी किमान रक्कम द्यायचीच, हा त्यातला गाभा. आणीबाणीत, १९७५ च्या सप्टेंबरात, तो आकडा वटहुकमाने पुन्हा ४ वर आणला गेला होता. ज्यांनी ती दिवाळी पाहिली त्यांना विचारावे. १९७७ मध्ये सरकार बदलले तेव्हा तो पूर्ववत झाला. आणि १९८१ च्या दिवाळीआधी बोनसच्या आकड्यावरून गिरणगावात जी धुसफूस सुरू झाली, ती कामगारनेते दत्ता सामंतांच्या दारापर्यंत गेली आणि १८ जानेवारी १९८२ पासून अडीच लाख माणसे संपावर गेली. तो संप औपचारिकपणे कधी मागे घेतला गेलाच नाही. कोकणातल्या आणि घाटावरच्या किती घरांत मनीऑर्डर त्या वर्षी थांबली ती थांबलीच.

आपल्या डोंगराच्या पलीकडे हे एवढ्यातही घडून गेले आहे. २०१२ च्या सप्टेंबरात गोवा सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने थांबवल्या. बेकायदा उत्खननाबद्दलचा तो आदेश होता आणि त्याची गरज नव्हती असे कोण म्हणेल? पण ज्यांनी परवाने दिले आणि ज्यांनी जहाजे भरली त्यांच्याआधी ट्रकचा क्लीनर, बार्जवरचा खलाशी आणि कॅन्टीनचा पोऱ्या रिकामा झाला, आणि त्या वर्षीची दिवाळी सांग्याच्या बाजूला फार मुकी गेली. २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा तेच. मोठ्या घरांचा हिशेब चुकला की तो लहान घरांच्या खात्यावर लिहिला जातो.

आता कायद्याच्या आत असलेल्यांचे आणि बाहेर असलेल्यांचे बघू. १९६५ च्या कायद्यानुसार २०२५ च्या दिवाळीत ज्याचा पगार महिन्याला २१ हजारांच्या आत, त्यालाच कायद्याचा बोनस होता. तोही मोजला जायचा सात हजारांवर किंवा किमान वेतनावर, यातले जे जास्त असेल त्यावर. ही मर्यादा २०१५ च्या दुरुस्तीने घातली. त्यानंतरच्या दहा वर्षांत तेलाचा, डाळीचा आणि एसटीच्या तिकिटाचा भाव कुठे गेला ते सांगायला नको. त्या रेषेच्या वर गेलेला इंजिनिअर कायद्याच्या दृष्टीने खाऊनपिऊन सुखी. त्याला मिळते ते ‘व्हेरिएबल’, आणि ते कशावर ठरते हे त्याला नियमावलीत वाचता येते, पण स्वतःच्या बाबतीत किती होईल हे खात्यात जमा होईपर्यंत कळत नाही. रेषेच्या खाली असलेला कंत्राटी कामगार कायद्याने पात्र खरा. पण दिवाळीआधी त्याला ब्रेक देऊन दिवाळीनंतर नव्या नावाने घेणारे ठेकेदार आपण सगळ्यांनीच ऐकलेले आहेत.

जुन्या कारखान्यांत बोनसचा कागद गेटवर लागायचा. टाइमकीपरच्या खिडकीशेजारी जाळीचा फळा, आत टंकलेखन केलेला एक कागद, खाली व्यवस्थापक आणि युनियनच्या सरचिटणीसाची सही. पाळी सुटली की त्याच्यापुढे गर्दी होई. पुढचा मोठ्याने वाची, मागचे शिव्या घालत किंवा शिट्ट्या मारत. शिव्या घातल्या तरी आकडा सगळ्यांना एकच आणि एकाच वेळी कळे. आजच्या चकचकीत इमारतीत शुक्रवारी दुपारी कॅलेंडरवर पंधरा मिनिटांची मीटिंग उगवते. विषयाच्या जागी नुसते ‘चर्चा’. निमंत्रितांत आपण, आपला मॅनेजर आणि एचआरमधले एक न ऐकलेले नाव. शेजारच्या खुर्चीवरच्याला काय आले हे विचारायची सोय नाही, कारण पगार सांगायचा नाही असा करार आहे. सोमवारी त्याची खुर्ची रिकामी दिसते. मग उरलेले सगळे आपापल्या कॅलेंडरकडे शुक्रवारभर बघत बसतात. त्यांचे काम चोख होत असेल असे ज्याला वाटते त्याने कधी नोकरी केलेली नसावी.

आपल्या मते खरी नाराजी इथे आहे. बोनस कमी झाला याने माणूस चिडतो, पण चार दिवसांत सावरतो. घरातल्यांना तो म्हणू शकतो की कंपनीला यंदा जड गेले. रास दाखवलीच नाही, माप झाकून घातले, आणि पुढच्या वर्षी खळ्यावर बोलावणार की नाही तेही सांगितले नाही, तर त्याच्याकडे सांगायला काही उरत नाही. दिग्गीच्या अंगणात पोह्यांचे ताट पुढ्यात घेऊन बसलेल्या पोराचे अडखळणे हे त्या न सांगितलेल्याचे असते. जिथे काळी नदीचा उगम, त्या आपल्या भागाला हा अनुभव नवा नाही. इथले पाणी सुपा धरणात अडले, जुने सुपे गाव त्यात गेले. इथला बांबू वर्षानुवर्षे नाममात्र दराने कागद गिरण्यांना गेला आणि सूप-टोपल्या विणणाऱ्यांनी मात्र तो बाजारभावाने घेतला, हे पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी कधीच मांडून ठेवले आहे. वाटा किती, हे ठरताना आपण खळ्यावर नव्हतो.

म्हणून कंपन्यांकडे मागायचे ते फार थोडे आहे. दसऱ्याला यंत्रांची पूजा होते, झेंडूच्या माळा लॅपटॉपवरही चढतात. त्याच दिवशी आकडा सांगावा. कमी असेल तर कमी म्हणून, आणि का ते. माणसे कमी करायची असतील तर ज्यांना जायचे आहे त्यांना सण उलटेपर्यंत अंधारात न ठेवता अवधी द्यावा. किमान एक वर्ष सलग काम केलेल्या कामगाराला महिन्याची नोटीस आणि दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार ही कायद्याची शिडी आहे. पण ती कामगार म्हणवल्या जाणाऱ्यासाठी, टीम लीडर म्हणवल्या जाणाऱ्यासाठी सहसा नाही. त्याच्यासाठी कंपनीची लाजच काय ती उपयोगी.

आणि काही आपल्याकडेही. पाडव्याला तबकात काय पडले, भाऊबीजेला भावाने काय घातले, याची मोजदाद करण्यात आपण कमी नाही. ‘सुट्टी मिळाली नाही’ म्हणून भाऊबीजेला न आलेला भाऊ पुष्कळदा सुट्टीमुळे थांबलेला नसतो, हे बहिणींना कळते. ते आपल्याला कळले आहे असे त्याला फोनवर सांगून टाकावे. पुढच्या वेळी पोह्यांच्या ताटाशी आधी ‘‘काम कसं चाललंय?’’ असे विचारावे.

राहिला हिशेब. वर्ष मार्चला संपते आणि बोनस द्यायला कायदा आठ महिने देतो, म्हणजे ३० नोव्हेंबरपर्यंत. दिवाळी ऑक्टोबरात येऊन गेली, तरी मुदत उरते. तुळशीचे लग्न उरकून कारखान्यावर परतणाऱ्या प्रत्येकाने ठेकेदाराला, आणि त्याने दाद दिली नाही तर मूळ मालकाला, लेखी विचारावे. अर्जाची एक प्रत पोहोच घेऊन घरी ठेवावी.